इंजिनाच्या पायरीवरचा अडसर

इंजिनावर चढून गाडी हाकावी, ही आकांक्षा बेळगाव, खानापूर, लोंढा या पट्ट्यातील तरुणांना नवी नाही. रुळांच्या शेजारी ज्यांचे बालपण गेले, त्यांना ती नसती तरच नवल! 2024 च्या जानेवारीत रेल्वे भरती मंडळांनी सहायक लोको पायलटच्या 5,696 जागांची जाहिरात दिली आणि जूनमध्ये ती संख्या 18,799 वर नेली. अशी संधी वरचेवर येत नाही. म्हणूनच ती का निसटते, याचा विचार अगत्याचा आहे.

मॅट्रिक व आयटीआय, किंवा अभियांत्रिकीची पदविका, एवढे शिक्षण या जागेस पुरते. पुढे संगणकावरील दोन लेखी परीक्षा, मग अभिक्षमता चाचणी, कागदपत्रांची छाननी आणि अखेरीस वैद्यकीय तपासणी. या वाटेवर दोन अडसर आहेत. एक न्याय्य आहे, दुसरा अन्याय्य. आणि दोहोंविषयी आमच्या तरुणांना वेळीच कोणी सांगत नाही.

पहिला अडसर डोळ्यांचा. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दृष्टी 6/6 हवी, रंगांची पारख अचूक हवी; चष्मा घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेल्यास येथे प्रवेश नाही. नियम कठोर खरा. परंतु ज्याच्या नजरेवर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून, त्याला तांबडा दिवा दुरूनच दिसला पाहिजे. यात सवलत मागणे आम्हांस शोभणार नाही. मात्र शिकवणीची फी भरून वर्षानुवर्षे अभ्यास करावा आणि शेवटी डोळ्यांनीच घात करावा, ही शोकांतिका टाळता येण्याजोगी आहे. तरुणांनो, अर्जाआधी डोळे तपासून घ्या!

दुसरा अडसर भाषेचा. लेखी परीक्षा मराठीसह पंधरा भाषांतून देता येतात. पण अभिक्षमता चाचणीच्या दारात मराठी थांबते. तेथे केवळ इंग्रजी आणि हिंदी! या चाचणीतील प्रत्येक भागात किमान 42 गुण हवेत, त्यात कोणासही सूट नाही. आणि अंतिम गुणवत्तेत तिचा वाटा 30 टक्के आहे. येथे पारखायचे असते ते स्मरण, एकाग्रता आणि नजरेची चपळाई. हे गुण हिंदीत अधिक आणि मराठीत उणे असतात काय? गाडीवर नियम व संदेश समजलेच पाहिजेत, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य आहे. पण ते शिकविण्यासाठी निवडीनंतरचे प्रशिक्षण आहे. सूचना नीट न उमगल्याने मागे पडलेला मुलगा एकाग्रतेत उणा ठरत नाही.

साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 साली रेल्वेत रुजू झाल्या, तेव्हा इंजिन हे बायकांचे काम नव्हे असे मानणाराच समाज होता. 2023 च्या मार्चमध्ये त्यांनीच सोलापूरहून मुंबईस वंदे भारत नेली आणि 2025 साली सन्मानाने त्या निवृत्त झाल्या. ज्या अडसराचा कर्तृत्वाशी संबंध नसतो, तो कधी ना कधी निघतोच. मात्र तो काढावा लागतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: ज्या भाषांत लेखी परीक्षा, त्या सर्व भाषांत अभिक्षमता चाचणी. ही मागणी मराठीपुरती नाही. शेजारच्या कानडी मुलाचेही तीत तितकेच हित आहे. ती मान्य होईपर्यंत हात जोडून बसणे मात्र परवडणार नाही. या चाचणीचे नमुने रेल्वेच्याच संशोधन संस्थेने खुले ठेवले आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी व तरुण मंडळांनी ते मिळवावेत, मराठीतून समजावून द्यावेत आणि घड्याळ लावून सराव घ्यावा. मागणीचा अर्ज एका हाती आणि सरावाची वही दुसऱ्या हाती, अशा तयारीने आमची मुले त्या पायरीशी उभी राहू द्यात!