गोळी परस्पर थांबवू नका

शरीराची रक्षक प्रतिकारशक्ती क्वचित स्वकीयांवरच उलटते. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ या विकारात प्रतिपिंडांमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. पाय सुजतो, कधी पक्षाघातही होतो. निदानासाठी रक्ततपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

घरातील ज्येष्ठांना वॉरफरिन सुरू असल्यास ‘आयएनआर’ तपासणी चुकवू नये. पालेभाजी वर्ज्य नाही. तिचे प्रमाण मात्र सारखे असावे. दात काढायचा आहे किंवा बरे वाटते म्हणून गोळी परस्पर थांबवू नये. गुठळी पुन्हा होऊ शकते. अंगदुखीची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा एकाएकी धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.