जॉबर गेला, जॉबरी उरली

पदवीधर तरुणांना हल्ली एक नवा उपदेश ऐकवला जातो. गुणवत्ता पुरेशी नाही, परिश्रमही पुरेसे नाहीत. नोकरीत वर चढायचे असेल तर व्यवसायक्षेत्रात 'संबंध' जोडले पाहिजेत. या उपदेशाला एक शेपूटही असते. हे संबंध कृत्रिम नकोत, ते मनापासूनचे असावेत! म्हणजे ज्याच्याशी स्नेह जोडायचा त्याचे पद आधी पाहावे, त्याच्या उपयुक्ततेचा हिशेब करावा आणि मग आपला स्नेह निर्हेतुक आहे असे त्याला, आणि जमल्यास स्वतःलाही, पटवून द्यावे. जुन्या काळचा खुशमस्कऱ्या निदान स्वतःला फसवीत नसे. नव्या नीतिपाठाने तेवढाही प्रामाणिकपणा शिल्लक ठेवलेला नाही.

ही विद्या नवी असल्याचा आव आणला जातो. मुंबईच्या गिरणगावाला ती शंभर वर्षांपूर्वीच पाठ होती. गिरणीत माणूस लावण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरच्या हाती असे. गाववाला, जातवाला, नातेवाईक पाहून तो 'बदली' देई आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. ज्याची जॉबरशी ओळख नाही, त्याने सकाळी दरवाजाशी उभे राहावे आणि रिकाम्या हाताने परत जावे. चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. नळीतील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८-२९च्या संपकाळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावू पाहिला. १९३१ साली मजूरविषयक रॉयल कमिशनने कामगारभरती जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. लाचखोरी हा जॉबरीचा एक दोष होताच. पण कामाचा हक्क ओळखीच्या मेहेरबानीवर लटकत राहतो, हा तिचा मूळ दोष होता.

आज काय बदलले? अनेक खासगी कंपन्या आपल्या कर्मचाऱ्याने सुचविलेला उमेदवार घेतला गेल्यास त्या कर्मचाऱ्याला रोख बक्षीस देतात. दस्तुरीची दिशा तेवढी फिरली. पूर्वी ती गरजू मजूर जॉबरला देई, आता मालक देतो. आणि ओळखींची वही? ती तर बाजारातील मालमत्ताच झाली आहे. व्यावसायिक ओळखींवर उभी असलेली लिंक्डइन ही कंपनी २०१६ साली मायक्रोसॉफ्टने सुमारे २,६०० कोटी डॉलरना विकत घेतली. मैत्रीला किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

यावर विचारी माणसेही एक आक्षेप घेतात. ओळखीतून नोकऱ्या मिळतात हे सत्यच आहे, मग ते तरुणांना सांगण्यात पाप कोणते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की, नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा दूरच्या परिचिताकडून अधिक वेळा येते. हे निरीक्षण आम्ही नाकारीत नाही. परंतु जे घडते ते सांगणे वेगळे आणि तेच घडावे असे शिकविणे वेगळे. शिवाय, दूरचा परिचित प्रत्येकाला असतो हे खरे. पण तो कोणत्या खुर्चीवर बसलेला असतो? डॉक्टरच्या मुलाचा दूरचा परिचित कंपनीत व्यवस्थापक असतो. ऊसतोडणी कामगाराच्या मुलीचा दूरचा परिचित दुसऱ्या फडावर ऊस तोडीत असतो. दोघांना 'संबंध जोडा' असा एकच उपदेश करणे म्हणजे एकाला शिडी देऊन दुसऱ्याला उंच उडी मारायला सांगणे होय.

हा केवळ तर्क नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठविले होते. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे कमी आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत देशातील १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चवर्णीय आढळले. जेथे वरच्या खुर्च्यांवर एकाच थरातील माणसे बसली आहेत, तेथे 'मनापासूनचे संबंध' कोणाचे कोणाशी जुळणार?

माणसांनी कामाच्या ठिकाणी एकमेकांशी जिव्हाळा ठेवू नये, असे आमचे म्हणणे नाही. उलट, तसा जिव्हाळा गिरणगावानेच दाखविला. खाणावळ चालविणाऱ्या बायांनी संपाच्या दिवसांत कामगारांना उधारीवर जेवू घातले. त्याच बायांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. हे व्यवसायातूनच जन्मलेले नाते होते आणि ते अस्सल होते; कारण त्यात एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढायचे नव्हते, दोघांनी एकत्र उभे राहायचे होते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याशी जुळते ते नाते; त्याला ओलांडून साहेबाशी जुळते ती उमेदवारी.

राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत संधीची समानता दिली. खासगी उंबरठ्याशी मात्र ती थबकली. १९५९च्या कायद्याने खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याचे बंधन घातले. तेथूनच माणूस घेण्याचे नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जागेची जाहिरात झाली पाहिजे, निवडीचे निकष लेखी असले पाहिजेत, आणि नाकारलेल्या उमेदवाराला कारण विचारण्याचा हक्क असला पाहिजे.

ही मागणी करण्यापूर्वी आपणही आपल्या अंगणाकडे पाहावे. पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, अगदी चळवळीची कार्यालयेसुद्धा 'आपला माणूस' या निकषापासून मुक्त नाहीत. तेथे जाहिरात निघते तेव्हा नाव आधीच ठरलेले असते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक नाही? जॉबरला घालवायचे असेल तर तो आपल्या घरातूनही गेला पाहिजे. तरुणांना ओळखी वाढविण्याचे धडे देण्यापेक्षा ओळखीची गरजच उरणार नाही अशी व्यवस्था उभारणे, हे समाजवाद्याचे काम आहे.