लिहून आणलेला अवमान

सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणातून अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी मध्येच उठून निघून गेल्या, ही घटना आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांच्या स्मरणात आता पुसट झाली असेल. परंतु निवेदक, उद्घोषक, संहितालेखक आणि कार्यक्रमनिर्माते यांच्यासाठी चालविलेल्या या मासिकाने ज्या प्रसंगांचा पुनःपुन्हा विचार करावा, त्यांत तिची गणना मला अग्रक्रमाने करावीशी वाटते. ‘पार्च्ड’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी दिग्दर्शिका लीना यादव आणि सहअभिनेत्री राधिका आपटे यांच्यासमवेत त्या कलर्स वाहिनीच्या ‘कॉमेडी नाइट्स बचाओ’ या कार्यक्रमात गेल्या होत्या. पाहुण्यांची खिल्ली उडविणे हाच त्या कार्यक्रमाचा घाट होता आणि थट्टा सोसण्याची त्यांची तयारीही होती. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या अभिनयात, चित्रपटात अथवा मतांत थट्टेजोगे काही शोधण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. त्यांच्या सावळ्या वर्णावरच विनोदामागून विनोद करण्यात आले आणि लहानपणापासून जांभळे फार खाल्ली असतील, येथवर मजल गेली. त्यांनी आक्षेप घेतला तेव्हा हा खिल्लीचाच कार्यक्रम आहे, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. त्यानंतर त्यांनी जाहीरपणे जे लिहिले, त्यात स्वतःच्या दुखावलेल्या मनाची कैफियत फारशी नव्हती; गोरा वर्ण म्हणजे उच्च जात आणि काळा वर्ण म्हणजे हीन जात, हा जो हिशेब आपल्या समाजाच्या हाडीमांसी खिळलेला आहे, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखविले होते. लोकांत क्षोभ झाला, वाहिनीने क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले.

ते तसे मिटावयास नको होते, असे माझे मत आहे. असल्या कार्यक्रमांची रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे: विनोद आधी लिहिले जातात, बैठकीत वाचले जातात, तालमीत म्हटले जातात, चित्रित होतात आणि संकलकाच्या हाताखालून गेल्यावरच पडद्यावर येतात. म्हणजे एखाद्या स्त्रीच्या कातडीच्या रंगावर रचलेले वाक्य श्रोत्यांच्या कानी पडण्यापूर्वी निदान पाचसहा शिकल्यासवरल्या माणसांच्या नजरेखालून गेलेले असते, आणि त्यांपैकी एकालाही ते खोडावेसे वाटलेले नसते. बोलता बोलता जीभ घसरणे ही एक गोष्ट आहे आणि अवमान घरून लिहून आणणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिलीचा दोष एका माणसाकडे जातो, दुसरीचा दोष सबंध संस्थेकडे जातो. आणि आपल्या व्यवसायात शिक्षेचे वाटप मात्र नेमके उलटे होत आले आहे. थेट प्रक्षेपणात एक शब्द वावगा गेलेला समालोचक त्याच दिवशी बडतर्फ होतो, आणि आठवड्यामागून आठवडे वर्ण, जाडी, बोलण्याची ढब आणि साडी नेसून नाचणारे पुरुष यांवर गुजराण करणारी संहिता निर्वेधपणे चालू राहते.

ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबो येथे श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यामधील कसोटी सामन्याचे समालोचन करीत असताना डीन जोन्स यांनी, ध्वनिक्षेपक बंद आहे अशा समजुतीने, दाढी राखणाऱ्या हाशिम आमला या मुसलमान खेळाडूला अतिरेकी म्हटले. टेन स्पोर्ट्स वाहिनीने त्यांना तत्काळ काढून टाकले. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेत रेडिओ निवेदक डॉन आयमस यांनी रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातील कृष्णवर्णीय मुलींविषयी वर्ण आणि स्त्रीत्व या दोहोंचा एकाच दमात अवमान करणारे शब्द वापरले. मोठमोठ्या जाहिरातदारांनी पाठ फिरविली आणि आठ दिवसांत सीबीएस रेडिओने त्यांना निरोप दिला. दोन्ही निर्णय योग्य होते, याविषयी मला शंका नाही. तथापि आयमस त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा बोलू लागले होते, आणि जोन्सही पुढे कित्येक वर्षे समालोचन करीत राहिले. २०२० च्या सप्टेंबरात मुंबईत त्यांना मृत्यू आला, तेव्हाही ते क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्याच कामावर होते. कोणाच्याही पोटावर कायमचा पाय यावा, अशी माझी इच्छा नाही. बडतर्फीने केंद्राची अब्रू काही काळ झाकली जाते. बैठकीतील हवा आणि सवय तिने पालटत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याउलट डिसेंबर २०२४ मधील ब्रिस्बेन कसोटीचे उदाहरण पाहावे. जसप्रीत बुमराहची स्तुती करण्याच्या ओघात समालोचक इसा गुहा यांनी त्याच्यासाठी वानरकुळाचा वाचक असा शब्द वापरला. भारतीय खेळाडूंना परदेशी मैदानांवर कोणकोणत्या हाका ऐकाव्या लागल्या आहेत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या शब्दाचा दंश समजावून सांगण्याचे कारण नाही. आणि उच्चारणारी बाई स्वतः बंगाली आईबापांची लेक आहे, एवढ्याने तो दंश निवतही नाही. दुसऱ्या दिवशी खेळाच्या प्रक्षेपणाच्या आरंभीच, त्याच वाहिनीवरून आणि स्वतःच्या आवाजात, आपण चुकीचा शब्द निवडला असे सांगून त्यांनी क्षमा मागितली. शेजारी बसलेल्या रवी शास्त्री यांनी त्यांच्या धैर्याची प्रशंसा केली, आणि लोकांचा रोषही बहुतांशी तेथेच ओसरला. पत्रक नाही, प्रवक्ता नाही. ज्या श्रोत्याने शब्द ऐकला, त्यालाच क्षमायाचना ऐकू जावी, हा जो साधा न्याय आहे, तो येथे पाळला गेला.

आपल्या मराठी मंडळींपैकी सुनील गावसकर यांच्यावर २४ सप्टेंबर २०२० रोजी जो प्रसंग गुदरला, त्याचा निवाडा इतका सोपा नाही. दुबईतील सामन्यात विराट कोहलीने दोन झेल सोडले आणि फलंदाजीतही तो एका धावेवर बाद झाला. टाळेबंदीत त्याने सराव केला तो अनुष्काच्या गोलंदाजीवर, असे गावसकर हिंदी समालोचनात बोलून गेले. इमारतीच्या आवारात ती त्याला चेंडू टाकीत असल्याची जी चित्रफीत प्रसिद्ध झाली होती, तिचा तो संदर्भ होता. काही तासांतच वाक्य मोडतोड होऊन, भलत्याच अर्थाने सर्वत्र फिरू लागले. गावसकरांनी खुलासा केला की आपण त्या बाईंना दोष दिलेला नाही, आणि तो खुलासा मी प्रामाणिक मानतो. परंतु अनुष्का शर्मा यांनी जो प्रश्न केला, तो मोडतोड न झालेल्या वाक्यालाही लागू पडतो: नवऱ्याच्या खेळाचा हिशेब मांडताना बायकोचे नाव मध्ये का यावे? वर्षानुवर्षे त्याच्या प्रत्येक अपयशाचे खापर तिच्या माथी फुटत आले आहे, हे समालोचनकक्षात बसलेल्या प्रत्येकाला अवगत होते. लोक वाक्य ऐकतात तेव्हा त्याच्या मागे साठलेली सर्व वाक्ये त्यांना ऐकू येत असतात. ज्यांचा उदरनिर्वाह शब्दावर चालतो, त्यांनी हे जाणूनच तोंड उघडावे.

या साठलेपणाचे दारुण प्रत्यंतर सिलिगुडीने २००७ मध्ये दिले. २३ सप्टेंबर रोजी कोलकाता पोलिसांतील शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तामांग हा ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वाचा विजेता ठरला. डोंगरातील माणसांनी पदरचे पैसे मोडून संदेशांची मते पाठविली होती आणि त्या खटाटोपात तेथील पुढारी बिमल गुरुंग पुढे होते. एखाद्या जमातीचा मुलगा देशाच्या कौतुकाचा विषय होतो, तेव्हा सबंध जमातीची मान ताठ होते. त्या आनंदाच्या दिवसांत दिल्लीच्या रेड एफ.एम. केंद्रावरील एका निवेदकाने, गुरखेच गाऊ लागले तर आमच्या घरादारांची राखण कोण करणार, अशा आशयाचे उद्गार काढले. दिल्लीच्या केंद्राचा ध्वनी दार्जिलिंगपर्यंत पोहोचत नाही. पोहोचली ती वार्ता. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याचे पर्यवसान दंगलीत झाले, संचारबंदीचा हुकूम निघाला आणि लष्कराला पाचारण करावे लागले. ७ ऑक्टोबरला गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. गोरखालँड या स्वतंत्र राज्याची मागणी जुनी आहे आणि तिची कारणे खोल आहेत; एका वाक्याने ती निर्माण झाली, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्याला आपण दारावरचा माणूस म्हणून रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही, त्याला त्याची जागा दाखविणारे ते वाक्य शतकभराच्या तुच्छतेने भरलेले होते. आणि दंगलीत ज्यांची दुकाने फुटली, ज्यांची डोकी फुटली, त्यांच्यापैकी कोणीही ते वाक्य उच्चारलेले नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

रोषाचे वजन बहुधा अपमानाच्या वजनावर ठरत नाही, अपमानिताच्या पाठीशी कोण उभे आहे यावर ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात जान कुमार सानू या स्पर्धकाने, माझ्याशी मराठीत बोलू नका, मला चीड येते, असे म्हटल्याचे प्रक्षेपित होताच महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने चित्रीकरण बंद पाडण्याचा इशारा दिला आणि कलर्स वाहिनीचे क्षमापत्र एका दिवसात मुख्यमंत्र्यांच्या दप्तरी दाखल झाले. मराठीचा अवमान मलाही सोसत नाही, आणि ते क्षमापत्र निघाले हे उचितच झाले. तरीही धाकाने मिळालेल्या क्षमेवर माझा भरवसा नाही. कारण ज्यांच्यामागे पक्ष नाही, मोर्चा नाही, मतपेटी नाही, त्यांच्यापर्यंत ती क्षमा कधीच येत नाही.

असे श्रोते कोण, हे मला मेडशीत बसून रोज दिसते. अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरचा घाट चढल्यावर, मालेगावच्या अलीकडे हे गाव लागते. भोवताली सोयाबीन आणि तुरीची शेते आहेत, आणि निंदणाला येणाऱ्या बायकांत तांड्यावरच्या बंजारा बायका पुष्कळ असतात. पावसाळ्यात एका धुऱ्यावर उभा असताना त्यांच्यातल्या एकीच्या कमरेच्या पिशवीतल्या मोबाईलवर रेडिओ चालू होता. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत निवेदकाने काळ्या बायकोचा आणि गेलेल्या विजेचा एक विनोद सांगितला. ओळीत बसलेल्या दोघीतिघी हसल्या. मोबाईलवाली हसली नाही, तिने ओल्या हाताने बटण दाबले, आणि मी पाहत आहे असे दिसल्यावर एवढेच म्हणाली, “आमालेच हासतेत, भाऊ, अन् आमालेच आयकू लावतेत.” मग ती ओळ धरून पुढे सरकली. त्या केंद्राच्या तक्रारवहीत त्या दिवशी काही नोंद झाली असेल, असे मला वाटत नाही. श्रोतृसंख्या मोजणाऱ्यांच्या लेखी ती एक बंद झालेला संच आहे. तो का बंद झाला, हे विचारण्याचा रकाना त्यांच्या कोष्टकात नाही. त्या तऱ्हेच्या विनोदांच्या आगेमागे गोरेपणाची मलमे विकणाऱ्या जाहिराती याच व्यवसायाने वर्षानुवर्षे वाजविल्या. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेले, तरी त्या जाहिरातींनी मनांत जो काटा बसविला तो जागचा हललेला नाही.

कायद्याने काय सांगितले आहे, ते आपणांस नवीन नाही. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्याचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील सहाव्या नियमात स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारा, तसेच वांशिक, भाषिक वा प्रादेशिक समूहांची हेटाळणी करणारा मजकूर वर्ज्य ठरविला आहे, खासगी एफ.एम. आणि समुदाय रेडिओ यांना आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता बंधनकारक आहे. वाहिन्यांनी तक्रारींसाठी स्वतःची निवाडा मंडळेही स्थापिली: वृत्तवाहिन्यांनी २००८ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली, मनोरंजन वाहिन्यांनी २०११ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली. तरतुदींची वाण नाही. पण निंदणाच्या ओळीतली ती बाई असल्या कोणत्याही मंडळाला अर्ज करणार नाही, आणि तिने अर्ज करावा अशी अपेक्षा धरणे हाच तिच्यावरचा दुसरा अन्याय होईल. सार्वजनिक मालमत्तेचा वापर ज्यांच्या हाती सोपविला आहे, त्यांनीच तिच्या वतीने संहितेवर लाल पेन्सिल फिरविली पाहिजे.

म्हणून केंद्रचालकांना माझे सांगणे असे की, लिहून प्रक्षेपित झालेल्या मजकुराविषयी तक्रार आली तर निवेदकाला पुढे करू नये; संहिता ज्याने लिहिली, ज्याने मंजूर केली आणि ज्याने ती वेळापत्रकात बसविली, त्यांची नावे खुलाशात यावीत. थेट प्रक्षेपणातील चुकीची दुरुस्ती त्याच कार्यक्रमात, त्याच प्रहरी आणि त्याच आवाजात व्हावी. रात्री अकराला वाचलेले क्षमापत्र सकाळी आठच्या श्रोत्याच्या कानी पडत नाही. कार्यक्रमाच्या बैठकीत, ज्या लोकांविषयी विनोद लिहिला जात आहे, त्यांच्यापैकी एक तरी माणूस समोर बसलेला असावा. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे माणदेशातल्या बायकांनाच ध्वनिक्षेपकापुढे बसवितात, अमुक बोलावे की नाही, याचा विचार तेथे बोलणाऱ्याच्या अंगातच मुरलेला असतो. हे काम खर्चाचे नाही. त्याला मात्र बैठकीत एकदा तरी हसणे थांबवून, हे वाक्य कोणाच्या कानावर पडणार आहे, असे विचारणारा माणूस लागतो, आणि असा माणूस आपल्या बैठकांत अप्रिय होतो, हे मी पाहिलेले आहे. अशा अप्रिय सहकाऱ्यांची पाठराखण वरिष्ठांनी करावी.

पुढील अंकापासून या मासिकात ‘तक्रारवही’ हे सदर सुरू होत आहे. आपल्या केंद्राकडे वर्ण, जात, भाषा अथवा स्त्रीत्व यांच्या अवमानाविषयी आलेली तक्रार, तिला दिलेले उत्तर आणि ते उत्तर प्रक्षेपित झाल्याची वेळ, एवढा मजकूर तक्रारदाराचे नाव वगळून पाठवावा. उत्तर दिलेच नसेल, तर तसे लिहावे. प्रती महिन्याच्या २० तारखेच्या आत संपादकांच्या नावे मेडशीच्या पत्त्यावर पोहोचाव्यात.