विमानतळाचा खोडवाही टिकला पाहिजे



मागे खोडव्याचे प्लॉट पाहत फिरत होतो. एका वयोवृद्ध सभासदांनी बांधावरच थांबवलं. नुकतंच डोक्यावरून विमान गेलं होतं. ते म्हणाले, "साहेब, ह्या विमानापायी एका कारखान्याची चिमणी गेली. आता विमान तरी टिकंल का?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. ऊस विकास अधिकाऱ्यानं विमानतळावर लिहावं हे काहींना वावगं वाटेल. पण ज्या गोष्टीची झळ साखर कारखान्याला लागली, तिच्यावर आपल्या पत्रिकेत चार शब्द यायला हरकत नसावी.

हकीकत आपणांस ठाऊक आहेच. सोलापूरला होटगी रस्त्यावर विमानतळ, आणि जवळच श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानाच्या वाटेत येते, म्हणून वर्षानुवर्षे वाद चालला. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले. अखेर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने चिमणी पाडली. कोणाचं चुकलं, कोणाचं बरोबर, हा निवाडा मी करीत नाही. मात्र तारखा बघा. गोव्याचं विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला आणि मुंबईचं १५ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे चिमणी पडल्यावर गोव्याच्या पहिल्या विमानाला जवळजवळ दोन वर्षं लागली. मधे दोन गाळप हंगाम उलटून गेले. सभासदांच्या पैशातून उभी राहिलेली वस्तू पाडण्याची तारीख ठरते आणि विमान उडण्याची तारीख मात्र ठरलेली नसते, याला नियोजन कसं म्हणायचं?

आता विमान सुरू झालं आहे, तर ते टिकावं हीच इच्छा. आजारी माणसाला मुंबई गाठायची असते, पोरं नोकरीसाठी बाहेर आहेत, व्यापारीही आहेत. त्यांची सोय झाली पाहिजे. पण आपल्या भाषेत सांगायचं तर पहिलं विमान ही नुसती लागण झाली. लागणीला सगळेच हौसेनं येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. खरी परीक्षा खोडव्याची. बेणं चांगलं, पण पुढे बगला फोडल्या नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, पाण्याचा मेळ नाही, तर दुसऱ्या वर्षी फडात काय उरतं ते मी रोज बघतो.

हे नुसतं बोलणं नव्हे. लहान शहरांना विमानानं जोडणारी केंद्राची 'उडान' योजना २०१६ साली आली. विमान कंपनीला तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षं मदत द्यायची, पुढं मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी ती कल्पना. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात हिशेब मांडला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. प्रत्यक्ष सुरू झाले ३७१. त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४. अनुदान होतं तोवर ठिबक चालू, अनुदान संपलं की नळ्या गुंडाळून गोठ्यात, असाच हा प्रकार झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की लहान शहराच्या विमानतळाची पुढच्या पंचवीस वर्षांची आखणी आजच कागदावर यावी, आणि ती लोकांना वाचायला मिळावी. तीत चार गोष्टी हव्यातच.

पहिली, उंचीची हद्द. विमानतळाभोवती कुठं किती उंच बांधता येईल याचे रंगीत नकाशे असतात. तो नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि कारखान्याच्या ऑफिसात भिंतीवर लागला पाहिजे. बांधकामाची पहिली वीट बसण्याआधी सांगा. चिमणी उभी राहिल्यावर मग कोर्टात भेटू नका.

दुसरी, वीज आणि पाणी. केरळात कोचीचा विमानतळ १९९९ साली सुरू झाला. परदेशी गेलेल्या हजारो लोकांनी त्याचे शेअर घेतले. आपण कारखान्याचे घेतो तसेच. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी सुमारे ४५ एकरांत १२ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू केला आणि तो विमानतळ संपूर्ण सौर विजेवर चालणारा जगातला पहिला ठरला. सौर पट्ट्यांच्या मधल्या जागेत ते भाजीपाला पिकवतात! पण त्याच विमानतळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये पेरियार नदीचं पाणी शिरलं आणि तो पंधरवडाभर बंद पडला. म्हणजे वीज सांभाळली तरी पाण्याला विसरून चालत नाही. आपल्याकडं पुराचं नव्हे तर टंचाईचं भय. एवढी मोठी धावपट्टी, एवढी छपरं. त्यांवरचं पावसाचं पाणी शेततळ्यासारखं साठवता येणार नाही का?

तिसरी, खर्चाचा हिशेब. मदत संपल्यावर तूट कोण सोसणार, हे आधीच लिहून ठेवावं. विमानतळ प्राधिकरणाचा, कचरा महापालिकेचा, मदत सरकारची, आणि जबाबदारी? ती कुणाचीच नाही असं होऊ नये. आपण दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढं अहवाल ठेवतो आणि सभासद तोंडावर प्रश्न विचारतात. तसा विमानतळाचाही वार्षिक अहवाल शहरापुढं यावा.

चौथी, जमीन. बोरामणीला नव्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. पुढं माळढोक पक्ष्याच्या वनजमिनीचा पेच पडला आणि काम अडलं. जमीन घेण्याआधी सगळ्या परवानग्यांचा विचार झाला असता, तर शेतकऱ्याची जमीनही गेली आणि विमानही नाही, ही पाळी आली नसती.

आता थोडं आपल्याविषयी. दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपलाही बांध तपासावा. तोडणी झाली की पाचट पेटवायची खोड अजून गेलेली नाही. त्या धुरानं वैमानिकाला धावपट्टी नीट दिसत नाही, आणि जळत्या फडात किडे टिपायला घारी-बगळे गोळा होतात. पक्षी इंजिनात गेला तर सत्तर माणसांचा जीव टांगणीला. विमान सोडून द्या, जमिनीचा सेंद्रिय कर्ब तरी कशाला जाळायचा? पाचट सरीत दाबा, पाणी वाचेल, खोडवा सुधारेल. विमानतळाच्या आसपासच्या सभासदांनी हे यंदापासूनच मनावर घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्या वयोवृद्ध सभासदांना आज उत्तर देतो : काका, नुसत्या उद्घाटनानं विमान टिकत नाही. लागण करणाऱ्यानं खोडव्याचं खतपाणी आधीच ठरवलं असेल, तरच ते टिकेल. ते ठरवलं आहे का, हे विचारण्याचा पहिला हक्क ज्यांची चिमणी गेली त्यांना आणि ज्यांची जमीन गेली त्यांना आहे. आपणही त्यांच्याबरोबर विचारू या.

आपला,
ऊस विकास अधिकारी