सरव्याचा हक्क

सोयाबीनची सोंगणी उरकली, मळणीयंत्रांची घरघर थांबली, कपाशीच्या वेचण्या सुरू झाल्या आणि तूर फुलांनी पिवळी दिसू लागली, की वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना हंगामाच्या सणाचे वेध लागतात. वेदीपुढे मक्याची कणसे, भोपळे, पपया, सुपात सोयाबीन, कुणाची एखादी कोंबडी असे मांडले जाते. उपासनेनंतर लिलाव होतो, आवडीने बोली चढते, दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो आणि ते पैसे मंडळीच्या कामाला लागतात. हा आनंद खरा आहे आणि तो टिकावा. मात्र ज्या शास्त्राच्या आधारे आपण हा सण करतो, त्यात मंदिरात आणायच्या पहिल्या पेंढीइतकेच महत्त्व शेतात मागे सोडायच्या धान्याला आहे. त्याची आठवण आपल्या सणात फारशी निघत नाही.

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात कापणीचा नियम सांगितला आहे. शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापू नये, गळालेले वेचू नये. हा सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा. अनुवाद पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आणखी पुढचे सांगितले आहे: शेतात विसरून राहिलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, ती अनाथाची आणि विधवेची. नीट पाहिले तर यात देणाऱ्याने कुणाला निवडायचे नाही, कुणाच्या ओंजळीत काही टाकायचे नाही आणि कुणी हात पसरायचा नाही. गरजवंताने शेतात यावे, स्वतःच्या कष्टाने वेचावे आणि मान ताठ ठेवून घरी जावे. लिलावात बोली लावणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. सरव्यात देणाऱ्याचे नाव कुठेच नसते. म्हणूनच मला या नियमात भिक्षा दिसत नाही, हक्क दिसतो.

रूथ या हक्काच्या आधाराने जगली. ती परक्या मवाब देशातली, नवरा गमावलेली, विधवा सासू नामीला घेऊन सातूच्या हंगामात बेथलेहेमला पोचलेली. शेताचा मालक बवाज याने आपल्या गड्यांना सांगून ठेवले, की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या आणि तिला दटावू नका. दिवसभर वेचून तिने संध्याकाळी झोडपले, तेव्हा एफाभर सातू निघाले, म्हणजे साधारण वीस-बावीस लिटरचे माप. गोष्ट सांगणाऱ्याने हे माप आवर्जून नोंदवले आहे, कारण दोन बायकांच्या पोटाला ते किती दिवस पुरेल हे ऐकणाऱ्यांना लगेच कळणार होते.

ही गोष्ट समजायला आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भाष्यग्रंथ लागत नाही. सोयाबीनच्या शेंगा उन्हाने तडकतात, दाणे भुईवर सांडतात. गंजी उचलल्यावर भूमिहीन घरातल्या बाया आणि म्हाताऱ्या माणसांनी ते वेचावेत ही जुनी रीत आहे. भुईमुगाच्या रानातही तेच. पण हरभऱ्याच्या पेरणीची घाई असते. रान रिकामे होते न होते तोच रोटाव्हेटर फिरतो आणि सरवा मातीत जातो. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. ट्रॅक्टर भाड्याचा, ओल उडून चाललेली, कर्जाचा हप्ता तोंडावर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी भाव मिळत होता. ज्याचा स्वतःचाच वाटा असा कापला जातो, त्या तीन एकरवाल्याला ‘कडेचे सोड’ असे एकट्याला सांगणे अन्यायाचे होईल. कडेचे धान्य ज्यांच्या शेतात खरोखर उरते, त्यांत व्यापारी येतो, पगारदार येतो आणि जमीनजुमला असलेल्या संस्थाही येतात.

येशूने शिकवले ते अशाच जगातले वेचून. पेरणाऱ्याच्या हातून वाटेवर पडलेले बी, पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. ज्या मुलखात सावता माळ्याला भाजीच्या मळ्यात विठ्ठल भेटला आणि जनाबाईला जात्याशी, तिथे ही शिकवण परकी वाटायचे कारण नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे ओळखले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही आणि कीर्तनही सोडले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर चूल, पाहुणे, भांडण आणि पोरे यांतूनच श्रद्धेपर्यंत जातात.

आपल्या वऱ्हाडी मंडळीचा इतिहासही भाकरीपासूनच सुरू होतो. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले, आणि इथला कापूस त्या रुळांवरून मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. पुढे तीसच वर्षांनी, १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळात, याच कापसाच्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने त्या काळात खामगावात अनाथ मुलींना आणि अकोल्यात मुलांना आसरा दिला. त्याच्या थोडे आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरून मुली-बायकांना केडगावला घेऊन गेल्या. त्या स्वतः विधवा, आणि त्यांच्या तरुणपणीच त्यांचे आईवडील दुष्काळाने हिरावलेले. धान्यासाठी धर्म घेतला हा टोमणा आपल्या आजे-पणजींनी खूप ऐकला. त्यात लाजण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. उपाशी पोराला कुणीतरी जेवू घातले आणि ते पोर जगले. आपल्यातली कितीतरी घराणी त्या एका घासावर उभी आहेत. मग आज कडेला उभ्या असलेल्यांशी आपण कसे वागतो, याचा जाब इतरांआधी आपल्यालाच द्यावा लागेल.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा मजूर आणायला जातो आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. उशिरा आलेले आळशी नव्हते. त्यांना कुणी बोलावलेच नव्हते. आपल्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तरण्या हाताला जमेल तेवढे साठीतल्या बाईला जमत नाही, मजुरांच्या चौकातही तिला शेवटी विचारतात, आणि तिच्या घरची चूल मात्र सगळ्यांच्या चुलीइतकेच सरपण मागते. हा दाखला देवाच्या कृपेविषयी आहे हे बरोबरच. पण तो ऐकून घरी आल्यावर मजुरी मोजताना हात जरा सैल होत नसेल, तर कृपा आपण फक्त ऐकली.

‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ या येशूच्या वचनाचेही तसेच. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या पूर्णाकाठच्या तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. भूजल खारट, विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, माणसाला बाधते, मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे पोळलेली. तिथल्या उपदेशकाने ‘मीठ व्हा’ एवढे सांगून थांबू नये. मीठ जास्त झाले की जमीन नापीक होते, हे तिथले लेकरूही जाणते. जिल्ह्यात आपली संख्या शेकडा एकाहूनही कमी आहे, आणि चिमूटभर मिठाने करायचे काम तेवढ्यांना पुरे आहे. खारपाणपट्ट्यात ख्रिस्ती माणसाची पहिली साक्ष गोड्या पाण्याच्या मागणीत शेजाऱ्याबरोबर उभे राहण्याची असावी.

पण रूथची गोष्ट सरव्यापाशी संपत नाही. चौथ्या अध्यायात बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि नामीचा मेलेला नवरा अलीमलेख याच्या वाट्याच्या जमिनीचा निवाडा करून घेतो. विधवांच्या घराची जमीन त्यांच्या घरात राहावी यासाठी साक्षीदारांसमोर केलेला तो व्यवहार आहे. बुलढाणा जिल्ह्यात या अध्यायाइतके निकडीचे वाचन दुसरे नसेल. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. धनी गेला, कर्ज राहिले, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव चढले नाही, म्हणून ना पीककर्ज ना विमा, अशा किती नामी आणि रूथ गावोगाव आहेत. कायद्याने विधवा वारस आहे. अडते ते तलाठ्याच्या दारात आणि दिरा-सासऱ्यांच्या बैठकीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून बायकांच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते. शास्त्र हातात असलेल्या आपण ते आधी करायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

या सणाला म्हणून माझी वाचकांना आणि मंडळीच्या पंचांना विनंती आहे. लिलावाच्या पैशातला एक वाटा नाव न पुकारता वेगळा काढा. ज्यांचे रान रिकामे होईल त्यांनी रोटाव्हेटर फिरवण्याआधी दोन दिवस सरवा वेचणाऱ्यांना द्यावेत. आणि आपापल्या गावात नवरा गमावलेल्या बायकांची, मग त्या कोणत्याही जाती-धर्माच्या असोत, वारस नोंद झाली आहे का हे विचारा. झाली नसेल, तर मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत जात राहा.