घामाचा हिशेब

लातूर म्हणजे डाळींची आणि तेलबियांची पेठ, नांदेड म्हणजे सचखंड गुरुद्वारा आणि उस्मानशाही गिरणी, ही जुनी ओळख. गिरणी बंद पडली, पेठ टिकून आहे, गुरुद्वाऱ्याची थोरवी तर अबाधितच आहे. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत या दोन शहरांवर एक नवीच मोहोर उमटली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येथे येतात, खोल्या भाड्याने घेतात, खानावळीत जेवतात आणि दोन-दोन वर्षे जीवशास्त्राचे पाठ घोकतात. या घोकंपट्टीत शरीराच्या अंतर्गत समतोलाचे प्रकरण हमखास असते. बाहेरची हवा कशीही बदलो, पेशी ज्या द्रवात न्हाऊन राहतात तो द्रव मात्र फारसा बदलता कामा नये, हे सूत्र फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकात मांडले. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन याने १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. येथील कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी एवढे सांगेल.

विपर्यास असा, की हे सांगण्यासाठी त्याला ज्या दिवशी व ज्या वेळी बोलावले जाते ती वेळच या समतोलाची सत्त्वपरीक्षा पाहणारी असते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ‘नीट’ परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी २ वाजता सुरू झाली. केंद्राचे फाटक दीड वाजता बंद होते. म्हणून परगावची मुले त्याच्या कितीतरी आधीपासून उन्हात रांगेत उभी राहतात, आणि त्यांचे आईबाप सायंकाळपर्यंत रस्त्याकडेला सावली शोधत बसतात. शरीर तापमान कसे राखते, या प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी योग्य वर्तुळ काळे करण्यापूर्वी त्या मुलाचे शरीर तोच प्रश्न प्रत्यक्ष सोडवीत असते. वेळापत्रक ठरविणाऱ्यांनी मराठवाड्यातील मे महिन्याची दुपार विचारात घेतली असेल, असे मानणे कठीण आहे. सकाळी आठची वेळ ठेवण्यात कोणती राष्ट्रीय अडचण आहे?

परंतु प्रश्न एका परीक्षेपुरता नाही. शरीराचा समतोल हा निसर्गाने दिलेला फुकटचा ठेवा आहे, असा आपला समज झाला आहे. वस्तुतः तो रोज विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत पाणी, मीठ, सावली व विश्रांती या चार नाण्यांत चुकवावी लागते. ही नाणी ज्याच्या खिशात नाहीत त्याचे शरीर उधारीवर चालते.

माणसाच्या शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा चिमुकला भाग त्यावर पहारा ठेवतो. शरीर स्वतःच एक भट्टी आहे. कष्टाचे काम करणारा माणूस तासाला तीन-चारशे किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो आणि ती बाहेर टाकणे भाग असते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर बरीचशी उष्णता आपोआप निघून जाते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आतबाहेर असते. हवेचा पारा त्याच्या वर गेला की उलटी गंगा वाहू लागते. हवाच शरीराला तापवू लागते. नांदेडला पारा ४२-४३ वर जातो तेव्हा शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम.

घराघरातला मातीचा माठ हेच करतो. सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर सुकते आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जाते. माठाची छिद्रे बुजली की तो पाणी गार करीत नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. माणसाच्या त्वचेत अशी वीस ते चाळीस लाख ‘छिद्रे’, म्हणजे घर्मग्रंथी, असतात. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. येथे ‘सुकला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम काहीही गार करीत नाही. तो केवळ वाया गेलेले पाणी होय. म्हणूनच जूनच्या आरंभी आभाळ भरून येते आणि पाऊस पडत नाही, त्या दिवसांत पारा मे महिन्याहून खाली असूनही जीव अधिक कासावीस होतो. त्याच दिवसांत वाळ्याचा कूलरही निरुपयोगी ठरतो, आणि त्याचे कारण तेच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्यास भर उन्हात लाखो लोक तासन् तास बसले आणि त्यांतील १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा मामुली वाटेल. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम सुकत नव्हता, हे पारा सांगत नाही.

हा घाम येतो कोठून? रक्तातून. उन्हात काम करणाऱ्याच्या रक्ताला एकाच वेळी तीन मालक असतात: स्नायूंना प्राणवायू हवा, त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त हवे आणि मेंदूचा पुरवठा तर तोडता येत नाही. इकडे रक्तातील पाणी मात्र घामावाटे कमी होत असते. मग हृदय ठोके वाढविते. रक्त किंचित घट्ट झाल्याची वर्दी हायपोथॅलॅमसला मिळते, तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून सुटणारे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची ताकीद देते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीडएक लिटरच बाहेर टाकतात. टंचाईत ती हे प्रमाण अर्ध्या लिटरपर्यंत खाली आणतात. त्याखाली मात्र त्यांनाही जाता येत नाही, कारण दिवसभराचा मळ वाहून न्यायला तेवढे पाणी लागतेच. कोणत्याही पाटबंधारे खात्याने हेवा करावा, असे हे व्यवस्थापन आहे. परंतु धरणात पाणीच नसेल तर उत्तम अभियंताही काय करणार?

शरीराला उन्हाची सवयही होते, आणि ही सवय केवळ मनाची नसते. दहा-पंधरा दिवस हळूहळू उन्हात काम केले की घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. कामावर उष्माघात होणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले नवखे मजूर मोठ्या संख्येने आढळतात, त्याचे कारण हेच. मार्चअखेरीस अचानक आलेली उष्णतेची लाट मेमधील लाटेपेक्षा घातक ठरू शकते, तीही याचमुळे. दिवसभर पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाने रविवारी शेतावर जाऊन एकदम नांगरटीला हात घालू नये, एवढा बोध वाचकांनी यातून घ्यायला हरकत नाही. वृद्धांची गोष्ट निराळी. वयपरत्वे घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर पाण्याची तूट दुहेरी होते. अशा माणसाने उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे.

समतोल पूर्णपणे ढासळला की आतील तापमान ४० अंशांपलीकडे जाते, माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध होतो. हा उष्माघात, आणि येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. अंग तापले की ताप आला असे समजून तापाची गोळी दिली जाते, क्वचित वर गोधडीही घातली जाते. तापात हायपोथॅलॅमसने स्वतःच तापमानाची रेषा वर सरकविलेली असते आणि गोळी ती रेषा खाली आणते. उष्माघातात रेषा जागच्या जागी असते; शरीर तिच्यापर्यंत उतरू शकत नाही, एवढेच. तेथे गोळी काय करणार? रुग्णाला सावलीत नेणे, कपडे सैल करणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि हे करीत असतानाच दवाखान्याची वाट धरणे, हाच उपचार होय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

नुसते पाणी पुरेसे नसते, मीठही लागते, हे आपल्या ताकाला, आंबिलीला आणि पन्ह्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे शास्त्रीय मर्म असे, की आतड्यातून साखर आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. जेथे शंभरात तीस रुग्ण दगावत होते तेथे हे प्रमाण चाराच्या खाली आले. २०२२ मध्ये ते निवर्तले आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले. आपल्याकडील कृतज्ञतेच्या वेगाविषयी वेगळे काही लिहायला नको. घरी करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मात्र प्रमाण काटेकोर हवे. मीठ अधिक झाले तर उपायच अपाय होतो.

आता हिशेबाकडे येऊ. भर उन्हात आठ तास खोदकाम करणाऱ्या मजुराच्या शरीरातून पाच-सहा लिटर घाम सहज जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्या गाडीचे देशभर कौतुक झाले, आणि ते वाजवी होते. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. म्हणजे एका भरल्या गाडीचे पाणी माणशी साडेसहा लिटर! स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी बाजूलाच राहोत. एका मजुराचा एका दिवसाचा घाम भरून काढायला जेमतेम पुरेल एवढेच ते पाणी.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडायला आणि बंधारे घालायला गेली. त्यातूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही कामाच्या जागी पिण्याचे पाणी व सावली यांची तरतूद होती. तरतूद चांगली होती. परंतु मजुरी मोजमापावर ठरली की सावलीत बसलेला प्रत्येक क्षण मजुराच्या पोटाला चिमटा काढतो. शरीर ‘थांब’ म्हणते आणि मोजमाप ‘चल’ म्हणते. यांत कोण जिंकते हे सांगायला नको. मध्य अमेरिकेतील तरुण ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा जो विकार मोठ्या प्रमाणावर आढळला, त्याच्या मुळाशी उन्हातले अतिश्रम आणि पाण्याची तूट असावी, असा संशोधकांचा बळकट संशय आहे. येथील वीटभट्ट्या, रस्त्यांची कामे आणि मोंढ्यातील हमाली यांच्याकडे या दृष्टीने कोण पाहते? दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवून मजुरी पूर्ण देणे हा उपकार नव्हे, कामाच्या खर्चाचाच तो भाग आहे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये शहरासाठी उष्मा कृती आराखडा केला. त्याचे अनुकरण पुढे अनेक शहरांनी केले. परंतु आराखड्याचे फलित फलकावरील सूचनांवरून ठरत नसते. अड्ड्यावर आणि बसस्थानकावर पाण्याची टाकी भरलेली आहे की नाही, यावरून ते ठरते.

एक गोष्ट मात्र आराखड्यात सहसा येत नाही, कारण ती बोलण्याची पद्धत नाही. आपल्या शाळांतील अनेक मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात. पाणी नसते म्हणून नव्हे. मुतारीला कडी नसते, दार नसते किंवा आत पाणी नसते म्हणून. फिरतीच्या नोकरीतल्या स्त्रिया, बसवाहक भगिनी आणि मोर्च्याला आलेल्या बायाही तेच करतात. मूत्रपिंडे निमूटपणे लघवी अधिकाधिक घट्ट करीत राहतात. क्षार साचून मुतखड्याला वाव मिळतो, जंतुसंसर्ग होतो, डोके दुखते आणि मग त्या मुलीचे गणितात लक्ष नाही, अशी तक्रार होते. शरीरात पाण्याची थोडीशी तूट झाली तरी एकाग्रता घटते, हे शिक्षकांना ठाऊक असायला हवे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांनी आणि वसतिगृहांनीही हे मनावर घ्यावे. एका मजल्यावर दीडशे मुली आणि एक स्वच्छतागृह, अशी व्यवस्था करून त्यांना मूत्रपिंडाचे कार्य शिकविण्यात अर्थ नाही.

मुख्याध्यापकांनी एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहावे आणि किती मुलींच्या बाटल्या भरलेल्याच परत चालल्या आहेत ते मोजावे. तो आकडा सूचनाफलकावर लावावा, आणि दुसऱ्या दिवशी मुतारीला कडी बसवायला सुतार बोलवावा.