स्वप्नातले घर आणि घराखालची जमीन

पनवेलहून पेणकडे आणि पुढे वडखळ, नागोठणे, कोलाड असा महामार्ग धरला की दुतर्फा फलक दिसू लागतात. 'स्वप्नातले घर' हे त्यांवरचे ठरलेले शब्द. खाली त्या स्वप्नाची यादी असते : डोंगराकडे तोंड केलेली गच्ची, पोहण्याचा तलाव, क्लबघर, हिरवळ, चोवीस तास पाणी, उंच कुंपण आणि फाटकावर पहारेकरी. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या नवनगराचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. तेव्हापासून या स्वप्नाला अधिकच बहर आला आहे. पेण-रोह्याच्या मातीत आता भाताच्या मणापेक्षा जमिनीच्या गुंठ्याची चर्चा जास्त होते.

चांगले घर हवेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. समाजवाद म्हणजे दारिद्र्याचे स्तोत्र नाही. उजेड, वारा, एकांत आणि दाराशी एखादे झाड यांची ओढ प्रत्येकाला असते, आणि मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या नोकरदाराला ती अधिक असावी यात नवल नाही. आक्षेप या इच्छेला नाही. ती निव्वळ खाजगी बाब आहे, ज्याच्याजवळ पैसा त्याने ती पुरवावी, या समजुतीला आहे. वस्तुतः त्या यादीतील प्रत्येक ओळ हा कुणाच्या तरी जमिनीवरचा, कुणाच्या तरी पाण्यावरचा आणि कुणाच्या तरी श्रमांवरचा हक्क असतो. फलकावर घराची किंमत छापलेली असते. ती कोणी चुकविली हे छापलेले नसते.

पाण्यापासूनच आरंभ करावा. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याच्या पाण्यावर शेते भिजावयाची होती. आज त्या पाण्याचा मोठा वाटा जलवाहिन्यांतून नवी मुंबईकडे जातो. आणि ज्या तालुक्यात धरण आहे त्याच तालुक्याच्या खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शिर्की-वाशीकडची स्त्री हंड्यांची रांग लावून बसते, तेव्हा तिच्याच तालुक्यातील पाण्यावर दूर कुठेतरी एखादा पोहण्याचा तलाव निळा दिसत असतो. पाण्याचा तुटवडा निसर्गाने निर्माण केलेला नाही. या भागात पाऊस धो धो पडतो. तुटवडा वाटपाचा आहे, आणि वाटप हे राजकारण आहे.

रोह्याची कथा याहून जुनी आहे. कोलाडला कुंडलिकेचे पात्र उन्हाळ्यातही वाहते, आणि म्हणूनच 'नदीकाठचे घर' विकता येते. पण ते पाणी येते कुठून? मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटते आणि कुंडलिकेला मिळते. त्या धरणासाठी मावळातील गावे बुडाली; त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली उभा राहिला. मावळ्यांची भातखाचरे बुडाली तेव्हा मुंबईला वीज मिळाली. शंभर वर्षांनंतर त्याच पाण्याचे 'दृश्य' म्हणून वेगळे पैसे घेतले जातात. विस्थापितांच्या हिशेबात मात्र ही रक्कम कधीच जमा होत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला अनर्जित वाढ म्हणतात. साध्या मराठीत ते दुसऱ्याच्या ताटातले वाढून घेणे आहे.

आता श्रमांकडे वळावे. घराला वीट लागते. ती थापतो कोण? रायगडच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. चिखल तुडविणे, साच्यात माती भरणे, कच्च्या विटा वाळविणे, भट्टी रचणे हे काम नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुले मिळून करतात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, आणि तो पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या बयाण्यातच संपतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. बयाण्याची साखळी मात्र तुटलेली नाही. हंगामभर ही माणसे राहतात ती भट्टीच्या कडेला, कच्च्या विटा एकावर एक रचून वर पेंढा टाकलेल्या खोपटात. ज्यांच्या हातांनी तालुक्यातली घरे उभी राहतात त्यांचे स्वतःचे घर वर्षातील सहा-सात महिने बंद असते, आणि मुलांची शाळाही त्याबरोबर बंद पडते.

या माणसांना कोणी विचारले की, तुमच्या स्वप्नातले घर कसे असावे, तर यादी फार लांब होणार नाही. वादळात उडणार नाही असे छप्पर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांचे पत्रे उडाले त्यांना हे सांगावे लागत नाही. धूर बाहेर जाईल अशी चूल, किंवा पुन्हा भरून घेणे परवडेल असा गॅस. दारापर्यंत पाण्याचा नळ. बाईमाणसाला आतून कडी लावता येईल असे न्हाणीघर आणि शौचकूप. भात झोडायला आणि लग्नाचा मांडव घालायला पुरेल एवढे अंगण. डोक्यावर डोंगर कोसळणार नाही अशी जागा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घराखालच्या जमिनीचा, स्वतःचे नाव असलेला उतारा.

डोंगराची गोष्ट अलंकारिक नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. त्याआधी दोनच वर्षे, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये गाव असेच गाडले गेले होते. ज्या उतारावरून शहरी माणसाला 'दृश्य' दिसते, त्याच उतारावर आदिवासी राहतो, कारण सपाटीवर त्याला जागा नाही. एकाच डोंगराची ही दोन मूल्ये आहेत, आणि बाजार त्यांतील एकच ओळखतो.

घराखालच्या जमिनीचा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. रायगड जिल्ह्यातील कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान् पिढ्या जिथे आहेत ती जमीन वाडीच्या नावे नाही. ती जुन्या जमीनदाराच्या वारसाच्या किंवा त्याच्याकडून घेणाऱ्या नव्या मालकाच्या नावे आहे. जमिनीला भाव नव्हता तोवर मालकाला वाडी चालत होती. मजूर हाताशी राहत असे. आता भाव आला आणि वाडी अडचण झाली. कुठे पायवाट अडविली जाते, कुठे तारेचे कुंपण पडते, कुठे झोपडीची डागडुजीही करू दिली जात नाही. शासन घरकुल देऊ करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना घरामागे २ लाख रुपये आहेत. पण उतारा नसेल तर घरकुल बांधायचे कशावर? जागा विकत घेण्यास मदत करणारी योजनाही राज्याने २०१५ साली काढली. परंतु महामार्गालगतचा मालक त्या मदतीच्या रकमेत कातकऱ्याला जागा विकेल, की बंगलेवाल्याला, याचे उत्तर शाळकरी मुलगाही देईल.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कुळकायद्यात कलम १६ ते १८ मध्ये कुळे, शेतमजूर आणि गावातील कारागीर यांच्या राहत्या घराला व त्याखालच्या जागेला संरक्षण आहे; ती जागा विकली जाणार असेल तर प्रथम घेण्याचा हक्कही त्यांचा आहे. मात्र 'कसेल त्याची जमीन' या घोषणेच्या गजरात 'राहील त्याची जागा' ही कलमे फाइलींत पडून राहिली. केरळात १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या सुधारणेने दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला ग्रामीण भागात १० सेंटपर्यंत, म्हणजे सुमारे ४ गुंठे, जागा अल्प किमतीत आपल्या नावे करून घेण्याचा हक्क मिळाला. तेथे हे आपोआप घडले नाही. मजुरांनी स्वतः कुंपणे घालून आपापल्या जागा आखून घेतल्या आणि संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

यावर पोथीनिष्ठ आक्षेप येईल की, घरमालकीचा आग्रह हा समाजवाद्यांचा कार्यक्रम नव्हे. एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना कामगाराला छोट्या घराचा मालक करण्याच्या योजनांवर कठोर टीका केली होती. असे घर कामगाराला एका जागी जखडते आणि मालकाला मजुरी कमी करण्याची सोय होते, असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा खोटा नाही, पण तो इथे उलटा लागू पडतो. कातकऱ्याला जखडले आहे ते घराच्या मालकीने नव्हे, मालकीच्या अभावाने. ज्याच्या जागेवर झोपडी त्याच्याच शेतावर मजुरी, त्याच्याच सांगण्यावर मत, आणि तोंड उघडले तर उद्या बिऱ्हाड रस्त्यावर. घराखालची जागा त्याच्या नावे झाली तरच तो भट्टीवाल्याशी मजुरीचा सौदा ताठ मानेने करू शकेल.

दुसरा आक्षेप बाजारवाद्यांचा. शेतकरी राजीखुशीने विकतो, मग तक्रार कसली? पेणच्या शेतकऱ्याची राजीखुशी कशी असते ते २१ सप्टेंबर २००८ रोजी दिसले आहे. महामुंबई सेझसाठी हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने जनमत घेतले तेव्हा विरोधाचा कौल स्पष्ट होता. एन. डी. पाटलांसारख्या नेत्यांच्या पाठीमागे उभे राहून ज्या शेतकऱ्यांनी एकत्रितपणे नकार दिला, तेच आज एकेकटे होऊन का विकतात? पाणी आले नाही, खारबांदिस्ती फुटली तर वेळेवर बांधली जात नाही, भाताला परवडणारा भाव नाही, मुलगा नोकरीसाठी वणवण करतो. अशा अवस्थेतल्या सहीला संमती म्हणणे ही थट्टा आहे. जे अधिसूचनेने साधले नाही ते सातबारा-सातबारा करून साधले जात आहे.

हा केवळ पेण-रोह्याचा प्रश्न नाही. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरांतील घरांची टंचाई १ कोटी ८७ लाखांच्या वर दाखविली. तीतील सुमारे ९६ टक्के दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतच १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. महिन्यातून दोन दिवस उघडणारे बंगले ही त्याच विसंगतीची कोकणी आवृत्ती आहे.

विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्याच गागोद्यात झाला. त्यांनी १९५१ पासून देशभर पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागितली. दानाने प्रश्न सुटला नाही हे खरे, पण प्रश्न कोणाचा आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांच्या जन्मभूमीतच माणसाला झोपडीपुरती जागा नसावी, याची लाज शासनाला नसेल तर निदान समाजवादी कार्यकर्त्याला असावी. आणि त्याने स्वतःकडेही एकदा पाहावे. गुंठ्यांचे व्यवहार जुळवून दलाली घेणाऱ्यांत कालचे कार्यकर्ते किती आहेत, हे गावोगाव ठाऊक आहे. सकाळी मोर्चा आणि संध्याकाळी दलाली, हे फार काळ लपत नाही.

कामे स्पष्ट आहेत. पेण व रोहा तालुक्यांतील प्रत्येक वाडीची यादी करावी : घरे किती, जमीन कोणाच्या नावे, पाणी कुठून येते, वाट कोणाच्या शेतातून जाते. कुळकायद्याखालचे अर्ज एकेकट्याने नव्हे, अख्ख्या वाडीने तहसीलदारापुढे ठेवावेत आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. वाडीच्या जागेचा निर्णय होईपर्यंत त्या गटात बिगरशेती परवानगी देऊ नये, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. आणि हेटवण्याच्या पाण्यावर पहिला हक्क खारेपाटाचा, ही मागणी पुन्हा वेशीवर टांगावी. या कामांना पावसाळ्याचे चार महिनेच सर्वांत सोयीचे, कारण दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. ज्यांच्या सह्या हव्यात तेच तेव्हा कुणाच्या तरी स्वप्नातल्या घराच्या विटा थापत असतात.